पहिल्या तक्रारीची तारीख

पत्र थोडक्यात : पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंनी लिहिलं आहे. त्यांचा एकतीस वर्षांचा धाकटा भाऊ चौदा महिन्यांपासून मध्यवर्ती कारागृहात कच्चा कैदी आहे. पैसे दामदुप्पट करून देणाऱ्या एका योजनेचा तो एजंट होता. योजना बुडाली, वरचे पसार झाले आणि फसवणुकीच्या गुन्ह्यात हा सापडला. एकदा जामीन फेटाळला गेला आहे. त्याला लहानपणापासून दमा. गेल्या तीन मुलाखतींत त्याचा खोकला थांबलेला नाही, शर्ट खांद्यावर अडकवल्यासारखा दिसतो. पण ‘कुणाला काही बोलू नकोस, इथे मला राहायचंय’ असं त्याने बजावलं आहे. शेवटच्या भेटीत तर ‘आता सारखी येत जाऊ नकोस’ असंही म्हणाला. ताईंचे दीर मोबाइलवर आकडे दाखवतात : तुरुंगातला मृत्यूदर बाहेरच्यापेक्षा कमी आहे, आत डॉक्टर आहे, वेळेवर जेवण आहे, उगाच जीव टांगणीला लावू नका. आई म्हणते, माझ्या पाटल्या मोडा आणि आजारपणावर जामीन करा. वकील म्हणतात, पुढच्या तारखेपर्यंत थांबा. गावात सगळ्यांना ‘तो पुण्याला कंपनीत आहे’ असं सांगितलंय. ताईंचा प्रश्न : तक्रार करून त्याला अडचणीत आणू, की गप्प बसू?

ताई,

आधी तुमच्या भाऊजींच्या आकड्याकडे जाऊ, कारण तो खोटा नाही. एनसीआरबीच्या, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशभरच्या तुरुंगांत १,९९५ बंदी दगावले. त्या वर्षाअखेर आत होते ५,७३,२२० जण. म्हणजे हजारामागे साधारण साडेतीन. आणि देशाचा २०२०चा मृत्यूदर हजारामागे सहा. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की तुरुंग हे हवा पालटायला जायचं ठिकाण वाटू लागतं.

पण त्या सहामध्ये कोण कोण मोजलंय ते बघा. जन्मून चार दिवसांत गेलेलं बाळ त्यात आहे आणि नव्वदीची आजीही त्यात आहे. तुरुंगात बहुतेक सगळे अठरा ते पन्नासमधले, तेही पुरुष. ज्या वयात माणूस सहसा मरत नाही, नेमक्या त्या वयाची माणसं आत कोंडलेली असतात. कॉलेजच्या हॉस्टेलवर मृत्यू क्वचित होतात, म्हणून हॉस्टेलच्या मेसचं जेवण आरोग्याला चांगलं असं कुणी म्हणेल का? बाहेरच्या आकड्यातून बाळं आणि म्हातारी माणसं काढून टाका, तो झपकन खाली येतो आणि भाऊजींचा दिलासा तिथेच विरतो. शिवाय फार आजारी पडलेला एखादा जामिनावर सुटून घरी गेला आणि महिन्याभरात गेला, तर तो तुरुंगाच्या खात्यात धरलाच जात नाही.

हाच काटा मला माझ्या बाजूच्या आकड्यांनाही लावायला हवा. तुरुंगात २०२२ साली ११९ जणांनी आत्महत्या केली, म्हणजे लाखामागे जवळपास २१. देशाचं प्रमाण त्या वर्षी लाखामागे १२.४. लगेच ‘पावणेदोन पट’ म्हणून ओरडावंसं वाटतं. पण बाहेरही आत्महत्या करणाऱ्यांत जवळजवळ ७२ टक्के पुरुषच असतात, आणि आत तर जवळपास सगळे पुरुषच. त्यामुळे हा फरक दिसतो तेवढा मोठा नसणार. तरीही, जिथे चोवीस तास पहारा असतो आणि कमरेचा पट्टासुद्धा दारात काढून घेतात, तिथे हा आकडा बाहेरच्या बरोबरीचा असला तरी मला तो जड वाटतो.

आजारांच्या बाबतीत मात्र असं घासाघीस करायला फारशी जागा नाही. क्षयरोगाचं बघा. ‘द लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये २०२३ साली आलेल्या जागतिक अभ्यासात भारतातल्या तुरुंगांत वर्षाला लाखामागे हजाराहून जास्त जणांना टीबी होतो, असा अंदाज होता. बाहेर तो दोनशेच्या आसपास आहे. म्हणजे पाचपट. तरुण पुरुषांना टीबी जास्त होतो हे धरलं तरी पाचपट हा वयाचा खेळ नव्हे. एचआयव्हीचंही तसंच : मध्यवर्ती कारागृहांतल्या २०२१च्या पाहणीत प्रमाण १.९३ टक्के निघालं, देशातल्या प्रौढांत ते ०.२१ टक्के होतं. यातले काही जण आजार घेऊनच आत येतात, हेही खरं. गरीब, अर्धपोटी, व्यसनात अडकलेली माणसंच जास्त करून आत जातात. पण श्वासातून पसरणाऱ्या आजाराला लागतं काय? दाटी आणि बंद हवा. मुंबईच्या ऑर्थर रोड कारागृहाची क्षमता हजाराच्याही आत आहे आणि आत अनेकदा तीन हजारांच्या वर बंदी असतात. संध्याकाळी बराकीला कुलूप लागलं की सकाळपर्यंत शेजारच्याचा श्वास तो आपला श्वास.

‘आत डॉक्टर आहे’ हेही खरंच आहे. आदर्श कारागृह नियमावली म्हणते, तीनशे बंद्यांमागे एक डॉक्टर हवा. २०२५च्या इंडिया जस्टिस रिपोर्टप्रमाणे देशाची सरासरी ७७५ बंद्यांमागे एक अशी आहे. तो एकटा माणूस सकाळच्या रांगेत खरूज, ताप, पोटदुखी आणि ‘कोर्टात जायचं नाही म्हणून पोटदुखी’ हे सगळं वेगळं करत बसतो. एक्स-रेला बाहेर पाठवायचं तर पोलिस गार्ड लागतो. गार्ड त्या दिवशी कुठल्या तरी बंदोबस्ताला गेलेला असतो. मग पुढचा आठवडा.

ताई, तुमचा प्रश्न ‘तक्रार करू की गप्प बसू’ असा आहे. मला वाटतं, यातला ‘तक्रार’ हा शब्दच तुम्हाला अडवतोय. एक गोष्ट सांगते.

मी बरीच वर्षं एका सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. एका दुपारी ओपीडी बंद व्हायला पंधरा-वीस मिनिटं असताना दोन शिपाई एका बंद्याला घेऊन आले. इंटर्न मुलगी केसपेपर लिहीत होती. तिने विचारलं, खोकला किती दिवसांपासून? उत्तर शिपायाने दिलं : ‘झाले दोन-तीन दिवस. जरा लवकर करा मॅडम, गाडी खाली उभी आहे.’ तिने लिहिलं, खोकला, तीन दिवस. तो माणूस काही बोलला नाही. बाकाच्या कडेवर बोट टेकवत मनाशी काहीतरी मोजत होता. औषधाच्या खिडकीपाशी मी त्याला विचारलं, तर म्हणाला, ‘दिवाळीच्या आधीपासून आहे.’ तेव्हा होळी तोंडावर आली होती.

तीन दिवसांच्या खोकल्याला बाटली मिळते. चार महिन्यांच्या खोकल्याला थुंकी तपासायला घेतात. शिपाई वाईट नव्हता हो. त्याला तो माणूस तासाभरापूर्वी गेटवर ताब्यात मिळाला होता, तो सांगणार तरी काय? आम्ही केसपेपर परत नेला, तीनचा आकडा खोडला, डॉक्टरांनी बाजूला सही केली आणि माणूस एक्स-रेकडे गेला. त्या दिवशी कुणीही कुणाविरुद्ध तक्रार केली नाही. फक्त तारीख दुरुस्त झाली.

इंग्रजांनी १८९४ साली केलेल्या कारागृह कायद्यात एक कलम आहे, पंधरावं. बंदी मेला की वैद्यकीय अधिकाऱ्याने नोंदवहीत काय लिहायचं, याची त्यात यादी आहे. त्यात पहिलीच नोंद कसली मागितलीय माहीत आहे? मयताने आजाराची तक्रार प्रथम कोणत्या दिवशी केली, किंवा तो आजारी असल्याचं कोणत्या दिवशी दिसून आलं. मग त्या दिवशी तो काय काम करत होता, त्याला आहार काय होता, दवाखान्यात कधी घेतलं, डॉक्टरला पहिल्यांदा कधी कळवलं. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या कारकुनी डोक्यालाही कळत होतं की सगळं घोडं त्या पहिल्या तारखेशी अडतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली देशातल्या तुरुंगांविषयीच्या निकालात नेमकं हेच विचारलं होतं : वेळेवर उपचार न मिळाल्यामुळे बंदी गेला, तर तो मृत्यू ‘नैसर्गिक’ रकान्यात घालायचा की ‘अनैसर्गिक’? २०२२च्या त्या १,९९५ पैकी १,७७३ ‘नैसर्गिक’ आहेत. त्यांतल्या किती जणांची पहिली तारीख उशिरा लिहिली गेली, हे तो रकाना सांगत नाही.

तुमचं काम एवढंच : ही तारीख आत्ता, तो चालताबोलता असताना, कागदावर आणायची.

भावाला भीती वाटते ती तुम्ही क्षुल्लक समजू नका. तिथे तो राहतो, आपण नाही. पण भीती कशाची, हे त्याला विचारलंत का? शिपायांची? बराकीतल्या एखाद्या दादाची? की टीबी निघाला तर सगळे लांब बसतील, ताट वेगळं ठेवतील, याची? पहिल्या भीतीवर उपाय म्हणजे अर्जाची भाषा सांभाळणं. दुसरी असेल तर वकिलाला खासगीत सांगून बराक बदलून मागता येते. तिसऱ्या भीतीसाठी त्याला सांगा की टीबीचं औषध सरकार फुकट देतं, नेहमीच्या टीबीचा कोर्स साधारण सहा महिन्यांचा असतो आणि नेमाने औषध सुरू झालं की काही आठवड्यांत संसर्ग देण्याची शक्यता बरीच उतरते. लपवलं तर शेजारी झोपणाऱ्या पाच-सहा जणांनाही तो देत राहील. त्याला टीबीच आहे असं मी म्हणत नाही. दमा वाढलेला असेल, दुसरंच काही असेल. पण दोन आठवड्यांवर खोकला आणि उतरलेलं वजन, एवढ्यावर थुंकी तपासायची हा सरकारच्या टीबी कार्यक्रमाचाच साधा नियम आहे. आपण वेगळं काही मागत नाही आहोत.

म्हणून अर्जात कुणाचा दोष काढू नका. ‘दुर्लक्ष होत आहे’, ‘हलगर्जीपणा’ हे शब्द नकोत. अधीक्षकांच्या नावाने साधं लिहा : ‘माझा भाऊ अमुक, न्यायाधीन बंदी क्रमांक अमुक, यास लहानपणापासून दमा असून दिनांक अमुकपासून सतत खोकला व वजन घटण्याचा त्रास आहे. त्याची थुंकी व छातीचा एक्स-रे तपासणी होऊन योग्य उपचार मिळावेत, ही नम्र विनंती.’ दोन प्रती काढा. एक द्या, दुसरीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर भांडत बसू नका, तोच अर्ज स्पीड पोस्टने, पोचपावती मागून पाठवा. पोचपावती म्हणजेच तुमची तारीख.

सोबत जुने कागद जोडा. इथे तुमचं ‘पुण्याला कंपनीत आहे’ आडवं येतंय, असा मला संशय आहे. दम्याची फाइल गावातल्या डॉक्टरांकडे असणार आणि त्यांनाही तुम्ही पुण्याचंच सांगितलं असणार. बाकी गावाला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, त्यात मी पडत नाही. पण डॉक्टरांना खरं सांगा आणि लेटरहेडवर चार ओळी मागा : केव्हापासून दमा, कोणता पंप, कोणती गोळी, शेवटचं वजन किती. पेशंटची गोष्ट बाहेर न बोलणं हे त्यांच्या पेशातच येतं. त्या जुन्या वजनाशेजारी आतलं आजचं वजन ठेवलं की अर्ज आपोआप बोलू लागतो. औषधं मात्र परस्पर डब्यातून पाठवू नका. आतल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी लागते, नाहीतर पंप गेटवरच राहील आणि वर भावाला चार प्रश्न विचारले जातील.

वकिलांच्या ‘थांबा’चं काय करायचं? जामिनाचा अर्ज आत्ता न टाकण्यामागे त्यांचा हिशोब असू शकतो. एकदा फेटाळल्यावर नवीन कारण नसताना परत जाणं शहाणपणाचं नसतं. पण वैद्यकीय अहवाल मागवण्याचा अर्ज हा जामिनाचा अर्ज नाही. ‘बंद्याची तपासणी करून अहवाल सादर करावा’ असा आदेश कोर्टाने कारागृहाला द्यावा, एवढंच त्यात मागायचं. एका पानाचं काम. त्यासाठी महिनोन्‌महिने थांबायची गरज नाही. घाबरवायला सांगत नाही, पण गडचिरोलीच्या पांडू नरोटे यांना २०१७ मध्ये जन्मठेप झाली, नागपूर कारागृहात असताना आजारी पडून २०२२च्या ऑगस्टमध्ये ते गेले, आणि त्याच खटल्यातल्या उरलेल्यांना मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. निकाल आपल्या गतीने येतो, आजार त्याची वाट बघत नाही. तुमच्या वकिलांना एवढं म्हणा, ‘जामिनाचं तुम्ही ठरवा, अहवालाचा अर्ज या आठवड्यात द्या.’ नाही म्हणाले, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. ते जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७च्या कायद्याने दिलेला आहे आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. फोन करायचा तर १५१००. मुंबई, ठाणे या भागातल्या वाचकांसाठी : टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ प्रकल्पाचे कार्यकर्ते कारागृहांत काम करतात, त्यांचीही चौकशी करा.

आणि आईच्या पाटल्या? त्या कपाटात राहू द्या. आजारपणावरचा जामीन अशक्य नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४८०व्या कलमात आजारी, दुर्बल आरोपीचा विचार आहेच. पण न्यायाधीश पहिला प्रश्न विचारतात तो हा : हे उपचार कोठडीत राहून, सरकारी दवाखान्यात होणार नाहीत का? त्याला उत्तर द्यायला हातात अहवाल लागतो. आज अहवाल नाही. शिवाय आजारी बंदी म्हटलं की सोंगाची शंका आपल्याकडे येतेच. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या ससूनमधून एक बंदी पळाला, त्याआधी तो महिनोन्‌महिने तिथे दाखल होता. असल्या एकामुळे खऱ्या आजारी शंभरांकडे तिरक्या नजरेने बघितलं जातं. त्या नजरेपुढे पाटल्यांचं वजन पडत नाही, कागदाचं पडतं. आधी तपासणी, मग तिच्या जोरावर तात्पुरता जामीन, हा क्रम ठेवा. पॅरोल-फर्लोची चौकशी करत बसू नका, ते शिक्षा झालेल्यांसाठी असतं.

जाता जाता एक हिशोब करून ठेवा. त्याच संहितेच्या ४७९व्या कलमाप्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडण्याचा विचार करावा लागतो, इतरांना निम्मा काळ. फसवणुकीला कमाल सात वर्षं धरली तर तुमच्या भावाचे अठ्ठावीस महिने होतात, आणि आत्ता चौदा झालेत. पण दोषारोपपत्रातली कलमं नीट वाचून घ्या. जन्मठेपेची शिक्षा सांगणारं एखादं कलम लावलेलं असेल, किंवा त्याच्यावर आणखी खटले चालू असतील, तर ही सवलत लागत नाही. एजंटांवर बऱ्याचदा चार-चार ठिकाणी गुन्हे असतात, म्हणून म्हणते. आणि न्यायाधीन बंद्यांचा आढावा घेणारी जिल्हा न्यायाधीशांची समिती असते. तिने ज्यांची प्रकरणं बघायची त्यांत आजारी बंदीही येतात. प्राधिकरणात गेलात की त्याचं नाव त्या यादीत घ्यायला सांगा. २०२२ साली देशातल्या तुरुंगांत चारांपैकी तिघं असे निकालाची वाट बघणारेच होते, त्यामुळे आपोआप कुणाच्या लक्षात येईल या भरवशावर राहू नका.

अर्ज, आदेश, अहवाल होऊनही काहीच हललं नाही आणि तो खोकल्यातून रक्त पडतंय असं म्हणाला, किंवा बोलताना धाप लागू लागली, तर सौम्य भाषा सोडून द्या. त्याच दिवशी वकिलाकरवी कोर्टात तोंडी उल्लेख करा आणि राज्य मानवी हक्क आयोगाला लिहा.

मला खोकल्यापेक्षा जास्त टोचलं ते त्याचं ‘सारखी येत जाऊ नकोस’. यात तुमचा खर्च वाचवणं असेल, लाज असेल. पण चौदा महिन्यांनी, जामीन फेटाळल्यावर, वजन उतरलेल्या माणसाने भेटी तोडायला लागणं मी सहज घेणार नाही. तुम्ही जाणं कमी करू नका. काचेपलीकडे ‘कसा आहेस’ विचारू नका, त्याला ‘बरा आहे’ एवढंच उत्तर असतं. झोप किती लागते, दिवसभर कोणाशी बोलतोस, आपली वस्तू कुणाला देऊन टाकलीस का, मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवीन काही भरत नाही. हो म्हणाला तर ते त्याच दिवशी अधीक्षकांना आणि डॉक्टरांना सांगायचं, त्याने शपथ घातली तरी. तुम्हाला स्वतःला कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीही लागतो. तुम्ही अडीच पानांत आई, भाऊ, दीर, वकील सगळ्यांबद्दल लिहिलंत, स्वतःबद्दल एक ओळ नाही.

पुढच्या मुलाखतीला वही-पेन आत नेऊ देणार नाहीत, म्हणून एकच गोष्ट लक्षात ठेवून या : खोकला कधी सुरू झाला. त्याला तारीख आठवणार नाही, आत सगळे वार सारखेच असतात. सण विचारा. गणपतीत होता का? दसऱ्याला गोड मिळालं तेव्हा खोकत होतास का? मग बाहेर येऊन एसटीत बसायच्या आधी, कॅलेंडर बघून, अर्जातल्या त्या रिकाम्या जागेत ती तारीख लिहा.